वरून जाणारी

दिल्ली ते चेन्नई :
हवेतून साडेसतराशे किलोमीटर,
दोन तास पंचेचाळीस मिनिटं.
फोन एवढंच सांगतो.
दोन गावांमधलं अंतर मोजताना
मधल्या गावाला कुणी विचारत नाही.

मधलं गाव म्हणजे आम्ही.
जयताळ्याची गच्ची, सिमेंटची टाकी,
दोरीवर राहून गेलेला एक टॉवेल,
आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत मफलर गुंडाळून बाबा,
मान वर.

"कुठी आली बे?"
ग्वाल्हेर.
"आतालोक ग्वाल्हेरच?"

बाबांना विमानं ठाऊक आहेत ती खालून.
सत्तर साली, विशीत, ते सोनेगावला हमाल होते.
मध्यरात्री चार दिशांची टपालाची विमानं उतरायची,
मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास,
आणि धावपट्टीशेजारी थैल्यांची अदलाबदल व्हायची,
याच्या पोटातलं त्याच्या पोटात.
"अख्ख्या देशाच्या चिठ्ठ्या याच्यावरून गेल्या,"
म्हणत ते डावा खांदा दाखवतात.
"तवा इथं थांबल्याबिगर
कोणालेच पुढं जाता येत नोतं."

उत्पला सहा वर्षांत थांबली नाही.
भांडण कशावरून, ते आता
तिघांपैकी कुणालाच धड सांगता येणार नाही.
एक लग्न होतं. बाबांचं एक वाक्य होतं.
आईच्या पुण्यानुमोदनाला आली
तेव्हा दाराबाहेर उभी राहिली, बूट पायातच ठेवून,
आणि वंदना संपायच्या आत टॅक्सी बोलावली.

महिन्यातून दोनदा कंपनीच्या कामानं दिल्लीला जाते.
तिकिटाचा फोटो मला पाठवते.
खाली काही लिहीत नाही.
मीही विचारत नाही.

छिंदवाडा.
बाबा खुर्चीचे हात धरून उठतात.
कोराडीच्या अंगानं एक दिवा येतो,
लाल, मग पांढरा, मग लाल,
आवाज त्याच्या बराच मागून.

"किती उंच असंल?"
अकरा किलोमीटर.
बाबा ओठांत हिशोब करतात.
"म्हंजे इथून इतवारी."

हो बाबा, इथून इतवारी.
शेअर ऑटोनं जाऊन
किलोभर तूरडाळ घेऊन जेवायला परत यावं,
एवढंच.

दिवा मोबाईलच्या टॉवरमागं जातो,
दुसऱ्या बाजूनं निघतो,
शेजाऱ्यांच्या आंब्यात शिरतो.
आम्ही थांबतो. तो आंब्यातून निघत नाही.
बाबा तरी बसून राहतात,
चंद्रपूर येईपर्यंत.
त्याच्यापुढं आपली हद्द नाही, म्हणतात,
जसं काही अलीकडं होती.

खाली उतरताना मी गच्चीचा बल्ब विझवायला गेलो.
"राहू दे ना. काऊन घाई करतं?
परतीचं कवा हाय तिचं?"

शुक्रवारी, बाबा. रात्री सव्वानऊला.