विसण

गीझर बंद पडून आज अकरावा दिवस.
इलेक्ट्रिशियनचा उद्या काही उजाडत नाही.
म्हणून प्रतीक्षानगरच्या चौथ्या मजल्यावर
पहाटे पाचला नळ खोकला की
मी ॲल्युमिनियमच्या मोठ्या टोपात
आबांच्या आंघोळीचं आधण ठेवते.

आधी काहीच होत नाही.
म्हणजे होतं, ते तळाशी होतं.
ज्योत टोपाला सांगते, टोप
तळाच्या पाण्याला,
आणि पाणी निरोप्या म्हणून कुचकामीच:
शेजाऱ्याच्या कानात सांगायचं सोडून
स्वतःच उठून वर निघतं.
वरचं गार, जड पाणी
त्याच्या जागेवर येऊन बसतं.
कालच्या मुगाचं एक टरफल राहिलंय टोपात,
ते मधून वर येतं, कडेने खाली जातं,
पुन्हा मधून वर.
त्याच्यामुळे मला रस्ता दिसतो.

मग मोहरीएवढे बुडबुडे तळाला धरतात.
“ती वाफ नव्हे. पाण्यानं पिऊन ठेवलेली हवा ती.
फसू नकोस.”
आबा म्हणजे रेडकर बॉयलर.
शिवडीच्या रंगखात्यात एकतीस वर्षं,
सेकंड क्लासचं सर्टिफिकेट
अजून देवांच्या शेजारी, काचेत.

टोप गुणगुणतो, मग कुरकुरतो, मग भांडायलाच उठतो.
तळाची वाफ सुटते, वरच्या गार थरात शिरते
आणि वाटेतच मिटून पाणी होते.
हा सगळा कलकलाट
न पोचलेल्यांचा.
“ओरडतं ते पाणी कच्चं,” आबा म्हणत.
खरं उकळलं की आवाज खाली येतो,
जाडसर होतो, घरातल्या मोठ्या माणसासारखा.

त्यानंतर आच कितीही वाढवा,
पाणी त्याहून तापत नाही.
सातवीत असताना मी विचारलं होतं,
मग एवढा गॅस जातो कुठे?
आबांनी खिडकीच्या ओल्या काचेकडे बोट केलं.
“सुटण्यात जातो. बाहेर पडायचं
तर खर्च येतोच, बाय.”

जानेवारीपासून त्यांची डावी बाजू गप्प आहे.
परवा माझी पाठ होती,
त्यांनी डावा तळवा टोपाच्या कडेला टेकवला
आणि बोलत राहिले,
सोसायटीच्या पाणीपट्टीबद्दल.
कातडी लाल झाली, फोड आला.
उष्णतेनं तिचं काम चोख केलं होतं.
निरोप तेवढा मनगटापुढे गेला नाही.

आता आधण बादलीत ओतते,
विसण घालते,
कोपर बुडवून बघते.
आबा स्टुलावर.
उजव्या हाताने डावा उचलून
बादलीत सोडतात, शेजारी उजवा.
डोळे मिटून बराच वेळ
ऐकत बसतात, जुन्या सवयीनं.

“हा म्हणतो कढत,” उजवा हलवत म्हणतात.
डाव्याकडे बघतात.
मी तांब्या हातात धरून उभी.

“घाल आणखी थोडं विसण.
दोघांना चालेल असं.”