निम्मी खडी

उणे एकोणीस. सकाळचे नऊ, अजून उजाडायचंय.
पोस्टातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली,
पाय मात्र अजून घरं मोजत चालतात.
पत्रांच्या थैलीऐवजी आता वही,
आणि गळ्यात दोरीला बांधलेलं
अंडी उकडायचं घड्याळ.

चर्चसमोरचा सिग्नल : हिरवा माणूस अठरा सेकंद.
वॉकर ढकलणारा ऑस्मो : एकतीस.
मधल्या तेरा सेकंदांत ऑस्मो कुणाचा असतो,
हे नगरपालिकेच्या कुठल्याच नकाशात नाही.
तळ्यापासून दवाखान्यापर्यंत बाक एकही नाही.
होता एक. पोरं रात्री बसतात म्हणून उचलून नेला.
वाचनालयाचं दार इतकं जड
की पुस्तक हाती यायच्या आत धाप लागते.
बर्फाचं यंत्र रस्ता लख्ख करतं
आणि काढलेला बर्फ फुटपाथच्या तोंडाशी रचून जातं,
गुडघाभर भिंत, रोज नवी.

हे सगळं लिहून काढायला मला कुणी सांगितलं नव्हतं.
दोनशे सात सह्या जमवल्या, दारोदार.
पूर्वी मी देऊन सही घ्यायचे, आता नुसतीच मागत होते.
त्यांतली एक डाव्या हाताची,
पक्षाघातानंतर नव्याने शिकलेली,
तिला अख्खं पान लागलं. दिलं.

मागणी पहिली : बर्फ पडला की त्याच दिवशी फुटपाथवर खडी.
यात वाद कसला, असं वाटलं होतं.

सभेत सायमी उभी राहिली.
वय एक्याण्णव. बर्फावरच्या ढकलगाडीवरून येते ती,
एक पाय मागच्या पट्टीवर, दुसऱ्याने जमीन रेटत,
पुढच्या बैठकीवर बटाटे, मासे, शेजारणीच्या गोळ्या.
म्हणाली, "खडी पडली की माझी गाडी अडते.
तुम्ही पडाल म्हणून
मी घरात बसू का?"

ऑस्मो म्हणाला, "गेल्या साली माझा खुबा मोडला.
तू दवाखान्यात भेटायलासुद्धा घसरतच आलीस."
सगळे हसले. सायमी नाही.

वहीत मी पानोपानी एकच शब्द लिहिला होता, म्हातारे.
जणू सगळ्यांना मिळून पायांची एकच जोडी.

दुसऱ्या दिवशी ती दाराशी. "बस," म्हणाली.
मी एकाहत्तर, ती एक्याण्णव,
आणि ढकलणारी ती!
उतारावर डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठलं.
बर्च झाडं, शाळा, बंद पडलेली बेकरी, सगळं
सुळकन मागे.
चाळीस वर्षं हा रस्ता मी तुडवला होता.
तो असा वाहतो, हे माहीत नव्हतं.

पालिकेतला पेत्तेरी, वय तीस, फार सभ्य पोरगा.
निम्म्या फुटपाथवर खडी, निम्मा गुळगुळीत?
म्हणाला, यंत्रात तशी सोय नाही.
यंत्र चालवणारा रेयो कोपऱ्यात कॉफी पीत होता.
कप खाली ठेवत म्हणाला,
"अर्ध्या तोंडाला फळी ठोकली की झालं.
माझी आईसुद्धा ढकलगाडीवरच जाते."

आता तळ्याकाठच्या रस्त्यावर
डावीकडे चाकांचे ठसे, काठीची भोकं,
उजवीकडे दोन सरळ रेघा, लांबच लांब.
बाकाचा अर्ज विचाराधीन आहे.
दार आहे तसंच आहे. मी आत जाऊन ते धरून ठेवते,
कुणी येताना दिसलं तर.
सिग्नल वाढवला, बावीस सेकंद केला.
पेत्तेरीने स्वतः फोन करून कळवलं, आनंदाने.
मी आभार मानले, वहीत आकडा बदलला.

उरलेले नऊ सेकंद
मी गाड्यांसमोर उभी राहते,
घड्याळ वर धरून.
ऑस्मो म्हणतो, घाई करू नकोस,
मी येतोच आहे.