दात कोरून

आई म्हणते, दात कोरून पोट भरत नाही.
माझं भरतं.
महिन्याच्या सात तारखेला, अगदी नेमानं.

फोर्टातल्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
स्पितीहून पोत्यातून आलेला चुनखडक
मी व्हिनेगरच्या वासाच्या पाण्यात भिजत घालते.
दोन आठवडे तो फसफसतो, कुरकुरतो,
मग नरमतो.
तळाशी चिमूटभर गाळ.
त्यात कुंचल्याच्या एका केसानं
मी दात शोधते.

नीओगोंडोलेला.
नाव घेताना सरांचीसुद्धा जीभ अडखळते.
वामेसारखं लांबुळकं, बोटाएवढं काहीतरी,
पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रात वळवळणारं.
अंग मऊ, ते विरून गेलं.
डोळे, शेपूट, भूक, सगळंच.
दात तेवढे राहिले, मोहरीहून बारीक,
भाजून काळे पडलेले.
रंगावरून कळतं, दगड किती तापला होता.
आई कल्ले उचलून सांगते ना
मासळी कालची की परवाची, तसंच.

मुंबईचा काळा पाषाण यांच्यापुढे
कालचं पोर.

शनिवारी आई आली खारदांड्याहून,
पाटी खाली वॉचमनपाशी ठेवून.
तिच्या अंगठ्यावर वामेनं घेतलेला चावा आहे,
मी पोटात होते तेव्हाचा.
त्याच अंगठ्यानं तिनं मायक्रोस्कोपचं चाक फिरवलं,
मी दाखवलं नव्हतं तरी.
बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "होरी हाय गो."

खरंच होती. मधोमध दातेरी कणा, दोन्हीकडे उचललेल्या कडा.
नावातच होडी आहे, दूरच्या कुठल्यातरी शहरातली,
हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"कुणाची?"

शंभरावर वर्षं विद्वान हेच विचारत होते.
दात सापडत, जनावर सापडत नसे.
कुणी म्हणे किडा, कुणी म्हणे मासा,
कुणी तर वनस्पतीसुद्धा म्हणाला.
आईनं एका दमात विचारलं
आणि त्याच दमानं, की पदराच्या वाऱ्यानं,
पाचव्या घरातला दात उडाला.

टेबल पाहिलं. गुडघ्यांवर बसून
दोघींनी फरशीवर टॉर्च मारला.
"जाव दे," ती म्हणाली, "येवढासा तं हाय."

नोंदवहीत मी लिहिलं, अकरा. एक गहाळ.
सरांना खोकल्याचं कारण दिलं.

संध्याकाळी तिचा फोन.
वाम आलीये, दोन हात लांब,
तुझा वाटा काढून ठेवलाय.
पदर झटकू नकोस,
एवढंच मी म्हणाले.