अर्धा तारा

दुपारच्या खेळाला आम्ही अकराजण.
पडद्यावर एक तहसीलदार
म्हशीशी लग्न लावतो, सरकारी शिक्क्यानिशी,
आणि ऐन 'सावधान'ला
असा काही पादतो
की कचेरीतलं घड्याळ उलटं फिरू लागतं.
पुढचा पाऊण तास सगळे तान्हे होत जातात,
वाजंत्रीवालेसुद्धा.

रात्री रामबागेतल्या घरी
मी लिहिलं: अभिरुचीची अधोगती.
लिहिलं: कथा नाही, हेतू नाही,
विनोद कमरेखाली, बुद्धी त्याहून खाली.
'त्याहून खाली' खोडलं. पुन्हा लिहिलं.
अर्धा तारा दिला,
तोही म्हशीच्या अभिनयाला.

सकाळी पोह्यांच्या गाडीवर गेंदालाल,
हातात आमचंच पान, नीट घडी घातलेलं:
"किबेसाहब, आप तो मेरे आगेवाली सीट पे थे.
चश्मा मैंने उठा के दिया था."

दिला होता.
अंधारात कुणीतरी हात पुढे केला होता खरा,
आणि मला आभार मानता आले नव्हते;
श्वासच सापडत नव्हता.
हर्नियाचे टाके ताणले होते,
डॉक्टर सप्र्यांनी नको म्हटलेलं
सगळं करून बसलो होतो.

मी पोह्यांकडे बघत राहिलो.
त्यानं जिरावण भुरभुरलं, वर मूठभर शेव.
"लिखने का काम अलग है," म्हणाला,
"मैं भी अपने पोहे घर पे नहीं खाता."

मग जरा वाकून, हळूच:
"शाम को फिर जा रहा हूँ."

सुट्टे नव्हते माझ्याकडे.
उद्या देतो म्हणालो, आणि निघालो.

संध्याकाळचा खेळ सव्वासहाचा असतो.