तीन बोटांची मूठ

हकीमुद्दीनशेठच्या दुकानात मरफे निजलेले असतात,
जुन्या पेपरात एकेकटे गुंडाळून,
दाताला दात लागू नये म्हणून.
शेठ विचारतात, लाकूड कुठलं?
मग विचारतात, हात कुणाचा?
भाव मी शेवटी विचारते.

मशीनचा मरफा स्वस्त.
दात रांगेत, कवायतीला उभ्या पोरांसारखे,
आणि रांगेतला दात लाकडावर रांगच काढतो.
ती घालवायला मग अर्धा दिवस पॉलिश पेपर.
दुसरा हातानं टोचलेला.
कुणीतरी, कुठेतरी, टोच्या धरून
एकेक दात उठवलाय
जांभई देत, बिडी विझवत,
एक इथे, एक जरासा तिकडे.
तो चुकत गेला म्हणून हा मऊ कापतो.
मी अंगठा उलटा फिरवून बघते:
अडला पाहिजे,
फाटला नाही पाहिजे.

अर्धगोल घेतला, दहा इंची. एक बाजू सपाट, एक पोटाची.
बिनमुठीचा धरायचा नाही, अण्णा सांगायचे,
तळहातात शिरतो
आणि सॉरीसुद्धा म्हणत नाही.

भिवसन दिंडोरीहून आला, छाटणीची करवत पिशवीत.
सातपूरला प्रेसखाली त्याची दोन बोटं राहिली,
अंगठ्याशेजारची.
आता भावाच्या बागेत द्राक्षाची म्हातारी खोडं कापतो.
"मूठ पाच बोटांची आहे, ताई.
मी धरतो एकीकडे, ती वळते भलतीकडे."

मी कणकेचा गोळा दिला. म्हटलं, दाब.
त्यानं दाबला.
अंगठ्याचा खड्डा, शेवटच्या दोघांचे खड्डे,
आणि मधे एक सपाट जागा.
तिच्याकडे आम्ही दोघांनीही नीट पाहिलं नाही.
बाहेर तिवंध्याच्या चढावर कुणाची तरी रिक्षा बंद पडली होती.

शिसवीचा तुकडा शिकंज्यात आवळला.
पुढे जाताना जोर, मागे येताना उचलायचा;
घासत मागे ओढला की दात मरतात,
मरफ्याचे, आणि ऐकणाऱ्याचेही.
रेषा बघून, उतारानं.
चढानं गेलं की लाकूड धागे उपटून दाखवतं.
मधूनमधून खडू चोळायचा, तारेचा ब्रश मारायचा,
तोंडात जांभळट भुसा, चहाला त्याचीच चव.

मरफ्याचा धर्म काढण्याचा.
आज न काढणं जमवायचं होतं.
जिथे बोटं असतात तिथे पोकळी करतात सगळे,
इथे बोटं नव्हती, तिथे लाकूड राहू द्यायचं,
उंचवटा, तळव्याला भरेल इतका.
तीनदा हात त्या बाजूला गेला, सवयीनं.
तीनदा मागे घेतला.
चौथ्यांदा गेलाच. केसभर.
ते कुणाला कळणार नाही.
मला कळतं.

भिवसननं धरून बघितली.
हवेत कापली, मग पाटाच्या कडेला लावली.
"करंगळीला बोचतेय."
दोन हात मारले.
"आता?"
बोलला नाही, करवत मात्र सरळ गेली.
करंगळीखालचे मरफ्याचे ओरखडे मी घासले नाहीत,
घाम आला की तेच धरतील.
"पॉलिश?" त्यानं विचारलं.
"तुझा हातच करील. एक हंगाम लागेल."
साडेतीनशे सांगितले, तीनशेवर तुटलं,
वर पिशवीभर मणी, गळलेले, पण गोड.

गोळा फळीवर तसाच राहिला, वाळला.
उंदरांनी कडा खाल्ल्या, अंगठा खाल्ला.
मधली सपाट जागा
अजून आहे.