मानवत रोड

बैठक अकराची होती, सुरू झाली साडेबाराला.
इतिवृत्त लिहायला मी. नेहमी मीच.
अक्षर बरं आहे, म्हणून एकवीस वर्षं पक्षात टिकलो.

निरीक्षक मुंबईहून आले.
फलाटावर उतरून इकडंतिकडं बघितलं, विचारलं, गाव कुठंय?
म्हणालो, साहेब, हे मानवत रोड.
मानवत अजून पुढं आहे, ॲटोनं जावं लागतं.
ते हसले.
मला ते हसणं गावापर्यंत पुरलं.

कार्यालय म्हणजे बियाणाच्या दुकानावरची खोली.
फवारणीच्या औषधाचा वास जिन्यानं वर येतो
आणि आमच्यातच बसतो.
खुर्च्या मंडपवाल्याच्या. प्रचाराचं बिल थकलेलं,
म्हणून त्याचा पोरगा जिन्यात बसून,
बैठक कधी उठते याची वाट बघत.

विषय क्रमांक एक : पराभवाची कारणे.
भुजंगराव म्हणाले, मशीन.
लिंबाजी म्हणाला, पैसा.
मागून कुणीतरी म्हणालं, जात,
आणि सगळे एकदम पंख्याकडं बघायला लागले.
पंखा बंद होता.

विषय क्रमांक दोन : पुढील दिशा.
निरीक्षकांनी लॅपटॉप उघडला.
म्हणाले, युती. चहा आला.
चहानंतर म्हणाले, तरुण चेहरा.
खोलीत सगळ्यात तरुण मी.
एकोणपन्नास.

मग बूथवार आकडे वाचायची वेळ आली.
बूथ एकशे त्रेचाळीस.
कमिटीत अठरा जण.
मतं अकरा.

कुणी खोकललं.
मी पुन्हा वाचलं, मला वाटलं चुकून उतरवलं असेल,
पण अक्षर माझंच होतं.

सात गद्दार शोधायचे, असं ठरलं.
सूचक भुजंगराव, अनुमोदक लिंबाजी.
शपथा निघाल्या, लेकरांच्या, तुळजाभवानीच्या,
एकानं तर मोबाईलवर बायकोला साक्षीला घेतलं.
ती म्हणाली, मला काय माहीत, मी माहेरी होते.

तेवढ्यात जिन्यातून आवाज आला,
"सात हुडकायलात. ते अकरा कोण, ते कुणी इचारलं का?"

मंडपवाल्याचा पोरगा. ओठावर नुकती मिसरूड.
"त्यातलं एक माझं हाय," म्हणाला.
"पहिलंच व्हतं."

निरीक्षकांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली.
त्याचीच खुर्ची. तो बसला नाही.
जाहीरनाम्यातला कोणता मुद्दा आवडला, त्यांनी विचारलं.
"जाहीरनामा नाही वाचला.
माय परभणीला सिव्हिलात व्हती, आठ दिस.
रोज सांजच्याला डबा यायचा.
डब्यावर तुमच्या निशाणीचं स्टिकर व्हतं, अर्धं खरवडल्यालं."

खोलीत हालचाल झाली.
तिघांनी एकदम मान हलवली,
लिंबाजीनं तर सदऱ्याची बाही नीट केली,
आणि भुजंगराव म्हणाले, आपण कधी बोलून दाखवत नाही.

पोरगा त्यांच्याकडं बघत राहिला.
"बाई व्हती ती," म्हणाला.

खोलीत बाई नव्हती.
फोटोत होत्या दोन, हार घातलेल्या.

पुढं फार काही झालं नाही.
निरीक्षकांना गाडी गाठायची होती.
इतिवृत्तात मी लिहिलं :
दिशेबाबत सविस्तर चर्चा झाली, आभार मानून सभा संपली.
डब्याचं कुठल्या विषयाखाली लिहावं, कळलं नाही.

पोरानं खुर्च्या एकात एक घातल्या,
चार खेपांत खाली नेल्या. बिलाचं काही बोलला नाही.

मग मी कपाटातून सभासद नोंदणीची जुनी वही काढली.
वाळवीनं कडा खाल्लेली.
नावं होती, पुढं अंगठे होते,
पाच-पाच रुपये भरल्याच्या खुणा,
आणि महिलांचं पान शेवटी, गळ्याशी टाके उसवलेलं.

बसायला काही नव्हतं.
खिडकीजवळ गेलो,
उभ्यानंच वाचायला लागलो.