जोडणी

हॉजमध्ये चहा घेऊन निघालो तेव्हा
इंटरकॉममधली बाई कानात म्हणाली, जोडणी झाली.
जरा नाकातलं इंग्रजी तिचं.
लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर
कुणीतरी हे सांगायला हवंच होतं.

हेरंब पुढे, मी मागे.
त्याच्या दोन्ही पेट्यांवर चमकत्या पट्ट्या,
माझ्या टाकीवरच्या पिशवीत
प्लास्टिकच्या खिडकीखाली नकाशा
आणि नकाशाखाली चार दशम्या.
गरम जाकिटाची वायर बॅटरीला लावलेली.
परवा तशीच उतरले पेट्रोल भरायला
आणि गाडीनं मागे ओढलं,
पदर दारात अडकावा तसं.

बटरटब्सच्या घाटात धुकं.
मेंढ्या मधोमध, रस्ता माहेरचा असल्यासारख्या.
जीपीएसचा बाण आधी गवतात घुसला,
मग अख्खा पडदाच करडा.

घरी आम्ही कचऱ्याच्या डब्यांबद्दल बोलतो,
या मंगळवारी निळा की हिरवा.
इथे अर्ध्या मैलावरून त्याचा श्वास माझ्या कानात,
मध्येच शीळ, मध्येच "खडी आहे, सांभाळ",
आणि एका वळणावर, तोंड दिसत नाही ते बघून,
"ती नोकरी मी सोडली नव्हती गं. काढलं होतं मला."

अकरा वर्षांपूर्वीची ती.
मी एक गिअर उतरवला.
काहीतरी म्हणणार होते,
तर खरखर, आणि ती बाई: जोडणी तुटली.

तेवढ्यात माझं मागचं चाक पोहायला लागलं.

नालेचा खिळा. आरपार.
सीटखालचं पुडकं काढलं:
टोच्या, कात्री, चिकट तपकिरी दोऱ्या,
मोठ्या नेढ्याची सुई, तिला इंग्रजी टीच्या आकाराची मूठ.
गरम हातमोजे अशा वेळी कुचकामी, दातांनी ओढून काढले.
पायजम्यात नाडी ओवावी तशी दोरी ओवली,
भोकात रेटली, गुडघे चिखलात,
आणि आईला न शोभणारी एक शिवी दिली.
ऐकायला कुणी नव्हतं. मेंढ्या होत्या.

तो मागे वळून आला तेव्हा पंप लावत होते.
पंप मुठीएवढा, आवाज पिठाच्या गिरणीचा.
हेरंबनं हेल्मेट काढलं.
चेहरा आला तसे शब्द गेले.
विजेरी धरून उभा राहिला,
नेहमीसारखा नको तिथे उजेड पाडत.
गवतात ठेवलेल्या हेल्मेटांचे निळे दिवे
आपले आपण लुकलुकत होते.

चौदा. एकोणीस.

"मग वर्षभर रोज डबा घेऊन जायचास कुठे?"

बावीस.

"रिचमंडच्या लायब्ररीत," म्हणाला.
"डबा मात्र नदीवर खायचो. आत खायला बंदी होती."

सत्तावीस. एकतीस.
मी आकड्यांवरून नजर काढली नाही.
त्यानं विजेरी जरा खाली घेतली,
आता बरोबर व्हॉल्व्हवर.

"मागे सामान आहे तुझ्या," म्हणाला,
"अडतीसपर्यंत जाऊ दे."